पाठमोरा माणूस आणि धुकं: या चित्रात त्याला काय वाटत असेल?

अंगणवेल

आमच्या नाशिकच्या घरी बाबांच्या टेबलाशी एक चित्र लावलेलं आहे. एका काकांनी १९८६ साली जर्मनीहून आणलेल्या कॅलेंडरातलं पान. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी ते पान कापून, माऊंट (चित्राच्या कडांवर बसणारी पुठ्ठ्याची चौकट) लावून, काचेची फ्रेम करून घेतली. चित्र जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचं, साधारण १८१८ सालचं. मराठीत नाव करायचं तर 'धुक्याच्या समुद्रावरचा पांथस्थ'.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: पुढे काळाकभिन्न कातळ. त्यावर लांब गडद कोट घातलेला एक माणूस, आपल्याकडे पाठ करून. उजव्या हातात काठी, केस वाऱ्याने विस्कटलेले. खाली सगळीकडे धुकं, त्यातून वर आलेली खडकांची टोकं, आणि लांब फिकट निळे डोंगर.

बाबा नेहमी म्हणायचे, "पोचला बघ एकदाचा." आई म्हणते, "पोचला कसला! कुणाची तरी वाट बघतोय, आणि ते माणूस यायचं नाही हे त्याला उमगलंय." गेल्या भाद्रपदात बाबा गेले. तेव्हापासून आई त्या चित्राकडे जास्तच बघते आणि मलाही बघायला लावते.

माझा प्रश्न असा. चेहराच दिसत नसताना या माणसाची मनःस्थिती ओळखायची कशावरून? खडक, धुकं, डोंगर यांना चित्रकाराने काही अर्थ दिलेला असतो, की आपण आपलंच त्यात ओततो?

कातळकडा

बाबांच्या बाजूने माझं मत. कड्यावर पोचल्यावर माणूस असाच उभा राहतो, एक पाय पुढे, कुणाशीही न बोलता. मात्र पाठीवर सॅक नाही, पाण्याची बाटली नाही आणि अंगात लग्नाला निघाल्यासारखा कोट! आमच्या ग्रुपात याला पायथ्यालाच थांबवला असता.

सुमाआजी

अंगणवेल, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मला चित्रातलं तंत्र कळत नाही. पण खाली दिसतं ते धुकं म्हणजे संसार, पायाखालचा खडक म्हणजे श्रद्धा आणि लांबचा डोंगर म्हणजे जिथे जायचं ते ठिकाण, असं मला पाहताक्षणी वाटलं. माणूस मधोमध उभा आहे. इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही.

उलटतपासणी

आजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलतो. आपण आपलं अध्यात्म दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन माणसाच्या अंगावर घालतोय, असं नाही वाटत? डोंगर दिसला की मोक्ष, नदी दिसली की आयुष्य. मग चित्र बघायचंच कशाला? खडक हा आधी खडक असतो.

जलरंगी

@उलटतपासणी, दुसऱ्या कुठल्या चित्रकाराबद्दल तुमचं म्हणणं मान्य केलं असतं. पण फ्रीडरिशच्या बाबतीत आजी बरोबर दारात उभ्या आहेत.

१८०८ साली त्याने डोंगरमाथ्यावरच्या क्रूसाचं एक चित्र केलं. खडक, देवदार जातीची झाडं, मावळतीचे किरण, आणि हे सगळं चर्चमधल्या वेदीवर लावतात तशा कोरीव सोनेरी चौकटीत. रामडोर नावाच्या समीक्षकाने जाहीर टीका केली, की निसर्गचित्राने आता वेदीवर चढून बसायचं का? वाद पेटला आणि एरवी अबोल असणाऱ्या फ्रीडरिशने स्वतः अर्थ लिहून दिला: खडक म्हणजे अढळ श्रद्धा, सदाहरित झाडं म्हणजे माणसाची आशा. आजींचा खडक आणि त्याचा खडक एकच निघाला की नाही?

पण म्हणून ती किल्ली प्रत्येक चित्राला लावता येत नाही. पांथस्थाच्या चित्राबद्दल त्याने स्वतः लिहिलेलं काहीही मिळत नाही. आणि पुढे पुढे तो चित्रातून खुणा काढून टाकत गेला. 'समुद्राकाठचा भिक्षू' या चित्राच्या अवरक्त किरणांच्या तपासणीत दिसलं, की त्याने आधी समुद्रात जहाजं आखली होती आणि नंतर ती काढून टाकली. जहाज असतं तर आपण लगेच म्हणालो असतो, प्रवास! त्याने तोही आधार ठेवला नाही.

आता पांथस्थाकडे या. पट्टी घेऊन बसा. डावीकडून उतरणारी डोंगराची रेघ आणि उजवीकडून उतरणारी रेघ दोन्ही त्या माणसाच्या छातीशी येऊन मिळतात. खालचा खडक त्रिकोणी, तोही त्याच्याकडेच चढतो. म्हणजे सगळा देखावा त्याच्या छातीतून फुटल्यासारखा आहे. दुसरी गोष्ट, मधली जमीन गायब आहे. त्याआधीच्या निसर्गचित्रांत समोर झाड, मग पायवाट, मग नदी, पूल, लांब डोंगर असं बघणाऱ्याला हाताला धरून आत नेलेलं असायचं. इथे पायाखाली कातळ आणि पुढे एकदम पोकळी. आत जायला वाटच नाही. तो माणूस जिथे थांबला तिथेच आपल्यालाही थांबावं लागतं. मन:स्थिती चेहऱ्यावर शोधू नका, ती या अडण्यात आहे.

शब्दवेडी

'पाठमोरा' हा शब्द आपल्याकडे आधीच किती भरलेला आहे! पाठमोरं माणूस म्हटलं की निघून जाणारं माणूस डोळ्यांपुढे येतं. निरोपाचा शब्द आहे तो. म्हणून अंगणवेलच्या आईंना वाट पाहणं, न येणं असं काही दिसत असावं. जर्मनमध्ये चित्रातल्या अशा पाठमोऱ्या माणसाला वेगळा शब्दच आहे, 'र्‍युकनफिगुर', आणि फ्रीडरिशच्या कितीतरी चित्रांत तो भेटतो.

'पांथस्थ' मात्र मला जड वाटतो. मूळ शब्द 'वांडरर' आहे आणि जर्मन लोक रविवारी डबा घेऊन डोंगरात चालायला जातात त्यालाही 'वांडर्न' म्हणतात. 'भटक्या' म्हटलं तर कातळकडा यांच्या ग्रुपात त्याला जागा मिळेल.

कातळकडा

@शब्दवेडी, भटक्या असेल तर कोट माफ!

@जलरंगी, पट्टी लावून पाहिलं. रेघा खरंच छातीशी मिळतात. इतक्या वेळा बघूनही लक्षात आलं नव्हतं. पण मला एक सांगायचंय. हे धुकं 'प्रतीक' असेल नसेल, ते खरं धुकं आहे. रात्री गार, जड हवा दरीत उतरते, वर उबदार हवा राहते. शाळेच्या भूगोलात याला तापमान विपरीतता म्हणतात. मग धुकं दरीतच कोंडून राहतं आणि वरून समुद्रासारखं दिसतं. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे हरिश्चंद्रगडावर, कळसूबाईवर हेच दिसतं. ऊन चढलं की ते फाटायला लागतं आणि बघता बघता खालची गावं, शेतं, रस्ते वर येतात.

त्यामुळे तिथे उभा राहिलेला माणूस उदास वगैरे नसतो. तो थांबलेला असतो. आता फाटेल, मग फाटेल, असं बघत असतो. अंगणवेल, आईंचं 'वाट बघतोय' अर्धं तरी खरं आहे.

उलटतपासणी

हे पटलं. धुक्याला वेळ असते, हे प्रतीकवाले विसरतात.

पाऊसवेळ

थोडं अवांतर. कोकणकड्यावर इंद्रवज्र कुणी पाहिलंय का? आमच्या ग्रुपात दोघांनी पाहिलंय आणि ते अजून त्याबद्दल हळू आवाजात बोलतात.

कातळकडा

मी पाहिलंय, एकदाच. सप्टेंबरची सकाळ. कड्याचं तोंड पश्चिमेला, सूर्य पाठीशी, खाली दरीत ढग भरलेले. अचानक ढगावर माझी स्वतःची सावली पडली आणि तिच्या डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य. शेजारी उभ्या मित्राला त्याच्या डोक्याभोवती दिसत होतं, मला माझ्या. मी हात वर केला तर सावलीने हात वर केला. दोनेक मिनिटांत गेलं. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स याने याच कड्यावरून ते पाहिल्याची १८३५ ची नोंद आहे.

हॅम्बुर्गकर

अवांतर वाटलं तरी हे थेट फ्रीडरिशच्या मुलखात जातं. जर्मनीत त्या सावलीला ब्रोकनचं भूत म्हणतात. ब्रोकन हे हार्त्स डोंगररांगेतलं सर्वांत उंच शिखर, ११४१ मीटर. फ्रीडरिश १८११ मध्ये एका शिल्पकार मित्राबरोबर त्या हार्त्समध्ये पायी फिरला होता.

पांथस्थाला मात्र इंद्रवज्र दिसणार नाही. नीट बघा, त्याची पाठ अंधारात आहे आणि धुकं उजळलेलं. प्रकाश समोरच्या बाजूने येतोय. सावली त्याच्या मागे, म्हणजे आपल्याकडे पडते.

मी हॅम्बुर्गमध्ये राहतो. चित्र इथल्या कुन्स्टहालं संग्रहालयात आहे, १९७० मध्ये ते तिथे आलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आकाराने चकित झालो. पोस्टर आणि मुखपृष्ठं बघून वाटतं भिंतभर असेल. प्रत्यक्षात ९५ बाय ७५ सेंटीमीटर, घरातल्या खिडकीच्या एका झडपेएवढं. जवळ गेलं तर रंग इतके पातळ थरांत लावलेत की ब्रशचा फटकारा दिसत नाही. २०२४ हे त्याच्या जन्माचं अडीचशेवं वर्ष, त्या निमित्ताने मोठं प्रदर्शन भरलं होतं. तेव्हा या चित्रापुढे इतकी गर्दी की मला त्या पाठमोऱ्या माणसाआधी पंधरावीस पाठमोरी माणसं दिसली. मग लक्षात आलं की चित्र असंच बघायचं असतं. आपणही रांगेत त्याच्या मागे उभे.

@कातळकडा, ती जागा शोधायला मी गेलोय. पण तशी एकच जागा नाही. पायाखालचा खडक झेक सीमेजवळच्या शोना गावाच्या कायझरक्रोनं टेकडीवरचा आहे. मागचे सुळके आणि डोंगर एल्ब नदीच्या वालुकाश्माच्या प्रदेशातून, वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललेत. सगळं स्टुडिओत जुळवलेलं. आणि ती कायझरक्रोनं केवढी? ३५१ मीटर! आपलं नाशिक शहरच समुद्रसपाटीपासून त्याच्यापेक्षा उंच आहे. गावातून सावकाश चालत अर्ध्या तासात वर. मी वर उभा राहिलो, खाली गवत आणि घरं. त्या टेकडीतून त्याने हे आकाश आणि ही खोली काढली.

कातळकडा

म्हणजे तो कधी तिथे तसा उभा राहिलाच नाही? हे मला जरा लागलं.

जलरंगी

लागू देऊ नका. त्याने आल्प्समधल्या वाट्समान शिखराचं अप्रतिम मोठं चित्र केलंय आणि आल्प्स त्याने आयुष्यात पाहिले नव्हते. विद्यार्थ्याच्या जलरंगातल्या चित्रावरून शिखर घेतलं आणि पुढचे खडक हार्त्समधल्या स्वतःच्या रेखाटनांतून. पण खडक प्रत्येक वेळी कुठल्यातरी खऱ्या खडकासमोर बसून काढलेला असायचा. त्याचं म्हणणं होतं, चित्रकाराने समोर दिसतं तेवढंच रंगवू नये, स्वतःच्या आत दिसतं तेही रंगवावं. आणि आत काही दिसत नसेल तर समोरचंही रंगवायचं थांबवावं.

हॅम्बुर्गकर

त्या खडकाचीच गोष्ट सांगतो, कारण मनःस्थितीचा प्रश्न तिथे अडकलाय असं मला वाटतं. त्याचं पेन्सिल रेखाटन ३ जून १८१३ चं आहे. त्या वर्षी नेपोलियनच्या युद्धामुळे ड्रेस्डेनची दैना झाली होती आणि फ्रीडरिश शहर सोडून एल्बच्या काठी क्रिपन गावात जाऊन राहिला होता. म्हणजे हा खडक विस्थापित माणसाने काढलेला आहे. त्यावर माणूस आणि धुकं आलं पाच वर्षांनी, १८१८ च्या सुमारास. त्याच वर्षी जानेवारीत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याचं लग्न झालं होतं.

आणि कोटाबद्दल. काही अभ्यासक म्हणतात की हा 'जुना जर्मन' पद्धतीचा पोशाख आहे. नेपोलियनशी लढलेली देशप्रेमी, स्वातंत्र्यवादी तरुण मंडळी तो मुद्दाम घालायची. १८१९ च्या कार्ल्सबाड फर्मानांनंतर या चळवळीवर राज्यकर्त्यांनी टाच आणली. आणखी एक मत असं, की हे चित्र युद्धात पडलेल्या एका सॅक्सन अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ केलेलं आहे.

सुमाआजी

स्मरणार्थ असेल तर तो माणूस गेलेला आहे. मग तो आपल्याला पाठ करून उभा आहे हे किती बरोबर आहे!

अंगणवेल

आजी, हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ बसून राहिले. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही कळत नाही.

उलटतपासणी

अंगणवेल, माझ्या वरच्या बोलण्याने त्रास झाला असेल तर माफ करा. पण एक सांगतो, स्मृतिचित्र हे मत आहे, पुरावा नाही. आणि फ्रीडरिशला स्वतःलाही अर्थाचे कप्पे आवडत नव्हते, असं मी आता वाचून आलोय. १८१६ मध्ये जर्मन महाकवी गटेने त्याला ढगांच्या नव्या शास्त्रीय वर्गीकरणाप्रमाणे ढगांची चित्रं करून मागितली होती. हा बुवा नाही म्हणाला. मोकळ्या ढगांना असं कप्प्यांत कोंबलं तर निसर्गचित्राचा पायाच जाईल, असं त्याचं म्हणणं. गटेला नाही म्हणायला छाती लागते! मग आपण त्याच्या धुक्यावर 'संसार' किंवा 'मृत्यू' अशी चिठ्ठी कशाला चिकटवायची?

सुमाआजी

चिठ्ठी नको, पण मनात आलेलं मागे घेणार नाही मी.

उलटतपासणी

मागे घेऊच नका, आजी. ते वाचूनच मी हे सगळं शोधायला गेलो.

छापखाना

उशिरा आलोय, सगळा धागा वाचला. चित्रातलं मला फार कळत नाही, छपाईतलं कळतं. ऑफसेटवर तीस वर्षं काढली. अंगणवेलताई, एक विचारू का? ती फ्रेम खिडकीजवळ आहे का? ऊन येतं का तिच्यावर?

अंगणवेल

हो. टेबल पश्चिमेच्या खिडकीशीच आहे. दुपारनंतर ऊन येतं. का हो?

छापखाना

मग तुम्ही आणि हॅम्बुर्गकर वेगळी चित्रं बघताय. रंगीत छपाई चार शायांत होते: पिवळी, मजेंटा, सायन, काळी. उन्हात पिवळी आणि मजेंटा आधी उडतात. सायन आणि काळी टिकतात. सलूनमधले जुने फोटो, रसवंतीच्या पाट्या, किराणा दुकानातली देवांची कॅलेंडरं निळी पडलेली पाहिली असतील, ती यामुळेच. तुमचं पान ऊन खाऊन खाऊन निळं, थंड झालेलं असणार. त्या निळ्या धुक्यापुढे उभा असलेला माणूस उदास वाटेल नाहीतर काय!

@हॅम्बुर्गकर, मूळ चित्रात धुकं कुठल्या रंगाचं आहे?

हॅम्बुर्गकर

बापरे. हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मूळ चित्रात धुक्याला आणि आकाशाला हलकी गुलाबी-पिवळसर झाक आहे. लांबचे डोंगर निळे आहेत, पण वातावरण गारठलेलं वाटत नाही. आणि कोट हिरवा आहे, गडद हिरवा.

अंगणवेल

आमच्याकडचा कोट काळा आहे. मी आयुष्यभर तो काळाच समजत आले. वर लिहितानाही 'गडद' एवढंच लिहिलं.

जलरंगी

छापखाना, तुमच्या पायाशी बसायला पाहिजे. आम्ही रचना, प्रतीकं, इतिहास करत बसलो. पिवळ्या रंगाचा पातळ हात असतो की नाही, यावर सकाळ की थंडी हे ठरतं, हे मी दर आठवड्याला मुलांना शिकवते आणि इथे विचारायला विसरले.

ताई, बाबांनी १९८६ मध्ये नवं कोरं पान लावलं तेव्हा त्यांना ते उबदार दिसलं असणार. आई आता बघतात ते वेगळं आहे. दोघंही खरं बोलत असतील.

छापखाना

खात्री करायची असेल तर फ्रेम उघडा. माऊंटखाली दाबलेल्या कडेला ऊन लागलेलं नसतं.

अंगणवेल

रविवारी उघडली. मागचे बारीक खिळे गंजले होते, पक्कड लावून एकेक सरळ केला. हार्डबोर्ड काढला, आत बाबांच्या अक्षरात पेन्सिलने तारीख होती. पान उचललं तर चारी बाजूंना अर्ध्या इंचाची पट्टी, माऊंटखाली राहिलेली. वरच्या कडेला आकाश पिवळट गुलाबी, जवळजवळ आंब्याच्या पेढ्यासारखं. आणि त्याला चिकटून लगेच निळं. रेघ मारल्यासारखं. कोट मात्र मधोमध, तो हिरवा होता हे आता कडेवरून कळायला मार्ग नाही.

आईला हाक मारली. ती चष्मा लावून आली, पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हाच रंग होता. लावलं तेव्हा मी यांना विचारलं होतं, ही सकाळ आहे का संध्याकाळ?"

"मग बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, तू सांग."

स्मृतिचित्राबद्दलही सांगितलं तिला. ती ऐकून घेत होती, बोट पट्टीवरच होतं. मग कातळकडा यांचं धुकं फाटण्याचं सांगितलं. त्यावर म्हणाली, "मग सकाळच असेल."

माऊंटची खिडकी चारी बाजूंनी अर्धा इंच मोठी कापून घेतली आहे, म्हणजे ती पट्टी आता बाहेर दिसते. फ्रेम आतल्या खोलीत लावली, जिथे ऊन येत नाही त्या भिंतीवर. उंची आईनेच सांगितली, पलंगावर बसल्यावर डोळ्यांसमोर येईल एवढी.